टेंभी नाका आणि परतीचा परवाना

नाका हा शब्द मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यांतला असला, तरी त्याच्या पोटांत एक जुनी सत्ता दडलेली आहे. जेथें वाटसरूस थांबवावें, त्याच्या ओझ्याकडे पाहावें, जकात घ्यावी आणि मग 'जा' म्हणावें, तें ठिकाण म्हणजे नाका. गांवें वाढलीं, वेशी पडल्या, चौक्या उठल्या. नांवें मात्र राहिलीं. ठाण्याच्या टेंभी नाक्यावर आज कोणी कोणास अडवीत नाहीं. स्टेशनाकडून येणारा नोकरदार, बाजारास निघालेली गृहिणी, नवरात्रांत देवीच्या दर्शनास लोटणारा समुदाय, सर्वांस वाट मोकळी आहे. याच नाक्यावर १८७९ सालीं उभारलेलें यहुदी लोकांचें एक प्रार्थनामंदिर आहे. त्याचें हिब्रू नांव 'शआर हाशमाईम', म्हणजे स्वर्गाचें द्वार. नाक्यावर द्वार असावें हा केवळ शब्दांचा योगायोग. परंतु त्या मंदिरांत जमणाऱ्या समाजाच्या वांट्यास विसाव्या शतकांत जो इतिहास आला, तो मात्र खरोखरच नाक्यांचा आणि द्वारांचा इतिहास होता. परक्या देशाच्या वेशीवर उभ्या राहिलेल्या माणसास कशाकडे पाहून आंत घ्यावें? त्याच्या पैशाकडे, त्याच्या कसबाकडे, कीं त्याच्या कुळाकडे? या प्रश्नाचीं तिन्ही उत्तरें या लहानशा समाजानें अनुभविलीं, आणि प्रत्येक उत्तराची किंमतही मोजली.

बेने इस्राएल म्हणजे इस्राएलचीं लेंकरें. या समाजाची परंपरा अशी सांगते कीं, फार प्राचीन काळीं अलिबागजवळच्या नवगांवच्या किनाऱ्याशीं एक गलबत फुटलें आणि त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. त्यांच्या वंशजांनीं कोंकणांत तेलाचे घाणे चालविले. शनिवारीं ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारीपाजारी त्यांस 'शनिवार तेली' म्हणूं लागले. पेणकर, रोहेकर, दिवेकर, राजपूरकर, नवगांवकर अशीं त्यांचीं आडनांवें ज्या त्या गांवावरून पडलीं. घरांत भाषा मराठी. नवस फेडावयाचा तो एलियाहू हन्नबीचें नांव घेऊन आणि मलिद्याचें ताट मांडून. एकोणिसाव्या शतकांत ही मंडळी पलटणींत, सरकारी कचेऱ्यांत आणि आगगाडीच्या खात्यांत शिरलीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी आली, आणि ठाणें हें मुंबईचें जणूं अंगणच झालें. येथील वस्ती स्थिरावल्यावर टेंभी नाक्यावरचें मंदिर उभें राहिलें. नवगांवच्या किनाऱ्यावर उतरलेल्या त्या चौदा जणांस कोणी परवाना विचारल्याचें परंपरा सांगत नाहीं. आणि पुढें कित्येक शतकें तो त्यांच्या वंशजांसही कोणी विचारला नाहीं.

त्या काळीं जगाचीच रीत निराळी होती. ठाणें जिल्ह्यांतीलच एक उदाहरण त्याची साक्ष देतें. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्यें कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्यें न्यूयॉर्क बंदरांत उतरल्या. वैद्यकीय शिक्षणासाठीं एकटी निघालेली अठरा वर्षांची ब्राह्मण स्त्री पाहून स्वदेशांत केवढें काहूर उठलें, हें सर्वश्रुत आहे. परंतु अमेरिकेनें तिच्यापाशीं आधीं मिळविलेली प्रवेशाची लेखी संमति मागितली नाहीं, कारण तशी पद्धतिच नव्हती. नाका उभारावयास मात्र तेथें आरंभ झाला होता. आदल्याच वर्षीं, १८८२ सालीं, चिनी मजुरांस मज्जाव करणारा कायदा तेथें झाला. १९१७ सालीं आशियाचा फार मोठा भाग, त्यांत हिंदुस्थानही, 'निषिद्ध प्रदेश' ठरला. १९४६ सालीं तें दार किलकिलें झालें, तें वर्षाकांठीं शंभर हिंदी माणसांपुरतें.

पहिल्या महायुद्धानें सर्वच देशांच्या वेशी पक्क्या केल्या. हिंदुस्थानांत १९२० सालीं पारपत्राचा कायदा झाला. पारपत्र आणि व्हिसा यांतील भेद येथें ध्यानीं घेतला पाहिजे. पारपत्र म्हणजे 'हा माणूस आमचा' असें त्याच्या स्वतःच्या सरकारनें सांगणें. व्हिसा म्हणजे 'या माणसास येऊं द्या' असें दुसऱ्याच्या सरकारनें सांगणें. एकानें ओळख द्यावी, दुसऱ्यानें वाट द्यावी. दोहोंपैकीं एक जरी नसलें, तरी माणूस मधल्यामध्यें अडकला.

असे अडकलेले यहुदी तिसऱ्या दशकानंतर हजारोंनीं दिसूं लागले. पॅलेस्टाईनवर त्या वेळीं ब्रिटिशांचा अंमल होता, आणि तेथें जाऊं इच्छिणाऱ्यांची प्रतवारी लावलेली होती. ज्याच्यापाशीं एक हजार पौंडांचें भांडवल असेल तो एका वर्गांत. मजुरीस योग्य तो दुसऱ्या वर्गांत, आणि त्याची संख्या सरकार ठरवील तेवढीच. विद्यार्थी, आश्रित नातेवाईक यांचे वर्ग आणखी वेगळे. मे १९३९ च्या श्वेतपत्रिकेनें पुढील पांच वर्षांचा एकूण आंकडा ७५,००० वर आणून बांधला. जर्मनींतील यहुद्यांस पळून जाण्याची सर्वांत अधिक निकड होती, नेमक्या त्याच वेळीं ही कडी लागली. त्यांतले कांहीं मुंबईच्या वाटेस लागले. १९३४ सालीं मुंबईंत त्यांच्या साह्यासाठीं यहुदी मदत मंडळ स्थापन झालें. आलेला मनुष्य सरकारवर भार होणार नाहीं अशी हमी कोणी तरी घ्यावी, मग त्यास येऊं द्यावें, अशी ती व्यवस्था होती. म्हणजे जी मुंबई ठाण्याच्या बेने इस्राएल माणसास उद्योगाची पेठ होती, तीच युरोपांतील त्याच्या धर्मबांधवास जीव वांचविण्याचा नाका झाली.

१९४८ सालीं इस्राएल राष्ट्र जन्मास आलें, आणि ५ जुलै १९५० रोजीं तेथील संसदेनें 'परतीचा कायदा' मंजूर केला. जगांतील प्रवेशाच्या कायद्यांत हा कायदा एकटा उठून दिसतो. प्रत्येक यहुदी मनुष्यास या देशांत येऊन वसण्याचा हक्क आहे, हें त्याचें पहिलें वचन. इतर देशांत व्हिसा ही यजमानाची मर्जी असते. येथें तो पाहुण्याचा हक्क ठरला. भांडवल किती, वय काय, हुन्नर कोणता, हे प्रश्नच उरले नाहींत. नकार द्यावयाचा तो दोनच कारणांनीं: अर्जदार यहुदी लोकांविरुद्ध कारवाया करणारा असेल तर, अथवा त्याच्यापासून सार्वजनिक आरोग्यास वा राष्ट्राच्या सुरक्षिततेस धोका असेल तर. १९५४ सालीं धोकादायक गुन्हेगार हें तिसरें कारण त्यांत जोडलें गेलें. केवळ पाहुणा म्हणून आलेल्या यहुद्यास तेथें गेल्यावर राहण्याची इच्छा झाली, तर परत न जातां तेथेंच वसाहतीचा दाखला मिळण्याची सोयही कायद्यानें ठेविली. १९५२ च्या नागरिकत्वाच्या कायद्यानें अशा रीतीनें आलेल्यास नागरिकत्वही मिळूं लागलें.

भारत सरकारनें १७ सप्टेंबर १९५० रोजीं इस्राएलास मान्यता दिली. दिल्लींत वकिलात निघाली नाहीं. ती निघण्यास १९९२ साल उजाडावें लागलें. परंतु १९५३ पासून मुंबईंत इस्राएलची कॉन्सुल कचेरी होती. ठाण्याच्या माणसास एवढी गोष्ट सोयीची होती. परतीच्या व्हिसासाठीं त्यास दूर देशीं वकील शोधावा लागला नाहीं. लोकलगाडीनें मुंबई गांठली म्हणजे झालें.

पण हक्क सोपा असला, तरी तो सिद्ध करणें सोपें नसतें. 'प्रत्येक यहुदी' असें कायद्यानें म्हटलें; यहुदी कोण, हें मात्र १९५० च्या कायद्यानें सांगितलें नाहीं. जन्माचा दाखला, आईबापांच्या विवाहाचा दाखला, आणि हा मनुष्य आमच्या समाजाचा आहे असें सांगणारें मान्य धर्मसंस्थेचें पत्र, अशा कागदांवर मग सारें येऊन ठरतें. बेने इस्राएल समाजांत पूर्वापार रब्बी नव्हते. प्रार्थना चालविणारा हझान आणि मंदिराचें पंचमंडळ यांच्यावरच धर्मव्यवहार चाले. त्यामुळें विवाहाचा करारनामा, ज्यास 'कतुबा' म्हणतात, आणि मंदिराच्या नोंदवह्या यांस एक नवीनच मोल आलें. ज्या वह्या आपसांतील स्मरणासाठीं लिहिल्या होत्या, त्या आतां परराष्ट्राच्या अधिकाऱ्यापुढें साक्ष देऊं लागल्या. स्वर्गाच्या द्वारावरील नोंद हीच भूलोकींच्या द्वाराची किल्ली झाली.

कोणी धर्मश्रद्धेनें गेले, कोणी चांगल्या दिवसांच्या आशेनें, कोणी भाऊबंद गेले म्हणून गेले. या समाजाच्या मनांत एक गोष्ट मात्र नव्हती, आणि ती त्याच्या इतिहासांत ठळकपणें नमूद करण्यासारखी आहे: भारतांत यहुदी म्हणून छळ झाल्यामुळें त्यांतला कोणीही पळाला नाहीं. युरोपांतून आलेला यहुदी मृत्यूच्या दाढेंतून सुटून आला होता. ठाण्याचा बेने इस्राएल शेजाऱ्यांचा निरोप घेऊन गेला होता. म्हणूनच तेथें जो वागणुकीचा फरक दिसला, तो त्यास अधिक झोंबला. बीरशेबासारख्या वाळवंटी गांवांत नेमणुका झाल्या. कामधंद्यांत आणि घरांच्या वांटपांत आपणांस सांवळ्या वर्णामुळें मागें ठेवितात, अशी त्यांची तक्रार होती. १९५१ च्या अखेरीस त्यांतील कांहीं जणांनीं तेल अवीव येथें यहुदी एजन्सीच्या कचेरीपुढें ठाण मांडलें. मागणी एकच, कीं आम्हांस परत भारतांत पोंचवा. १९५२ सालीं शंभरावर लोक विमानानें मुंबईस परत आणले गेले. आणि पुढें त्यांतील बरेच जण पुन्हां इस्राएलास जाण्यासाठीं अर्ज करूं लागले. परतीचा परवाना घेऊन गेलेला मनुष्य परत येतो, आणि परत आलेला पुन्हां परतीचा परवाना मागतो. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. घर कोणतें, हें ज्यास एका शब्दांत सांगतां येत नाहीं, त्याची ही ओढाताण आहे.

दुसरा आघात याहून खोल होता. देशांत प्रवेश मिळाला, नागरिकत्व मिळालें, पोरें सैन्यांत गेलीं. परंतु लग्नाची वेळ आली तेव्हां पुन्हां एक नाका आडवा आला. इस्राएलमध्यें यहुद्यांचे विवाह धर्मपीठाच्या अधिकारांत आहेत. शतकानुशतकें दूर राहिलेल्या या समाजांत घटस्फोटाचे आणि विवाहाचे धर्मनियम बिनचूक पाळले गेले असतील कीं नाहीं, अशी शंका कांहीं रब्बींनीं काढली. १९६१ सालीं धर्मपीठानें त्यांच्याशीं विवाह करण्यास प्रत्यवाय नाहीं असें सांगितलें खरें. पण १९६२ सालीं मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या काळांत जे आदेश निघाले, त्यांत बेने इस्राएल वधूवरांच्या आईची, आजीची आणि त्याहीमागची चौकशी करण्यास सांगितलें होतें. तीन पिढ्यांपूर्वीच्या पणजीच्या कुळाचा कागद कोंकणांतल्या कोणत्या खेड्यांतून आणावयाचा? आणि तो एकट्या त्यांनींच कां आणावयाचा? या प्रश्नावर समाज पेटून उठला. जेरुसलेमांत १९६४ च्या उन्हाळ्यांत मोर्चे निघाले, धरणीं झालीं. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांस लक्ष घालावें लागलें. १७ ऑगस्ट १९६४ रोजीं संसदेची खास बैठक झाली आणि बेने इस्राएल हे सर्वार्थानें यहुदी असून इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत, असें तेथें स्पष्ट करण्यांत आलें. त्याच महिन्याच्या अखेरीस धर्मपीठानें आदेशांतून या समाजाचें नांव काढून टाकलें.

या प्रकरणाचा बोध व्हिसाच्या साऱ्या नियमांस लागू पडतो. पैशाची अट क्रूर असते, पण पैसा मिळवितां येतो. कसबाची अट कठीण असते, पण कसब शिकतां येतें. कुळाची अट वरकरणीं सर्वांत उदार. मात्र ज्याच्या कुळाविषयीं एकदां शंका निघाली, त्यास स्वतःच्या हातानें करण्यासारखें कांहींच उरत नाहीं. त्याची साक्ष मेलेल्या माणसांकडे असते. १९७० सालीं परतीच्या कायद्यांत दुरुस्ती झाली आणि यहुदी म्हणजे यहुदी मातेच्या पोटीं जन्मलेला किंवा धर्मदीक्षा घेतलेला, व अन्य धर्माचा नसलेला, अशी व्याख्या आली. त्याच दुरुस्तीनें यहुद्याचीं मुलें, नातवंडें आणि त्यांचे जोडीदार यांसही वसण्याचा हक्क दिला. दार रुंद झालें, आणि उंबरठाही नेमका आंखला गेला.

आतां याच गोष्टीची दुसरी बाजू. ठाण्याहून गेलेल्या माणसास पुढें कधीं तरी ठाण्यास यावेंसें वाटणारच. १९५५ च्या भारतीय नागरिकत्वाच्या कायद्याप्रमाणें जो आपखुशीनें दुसऱ्या देशाचें नागरिकत्व घेतो, त्याचें भारतीय नागरिकत्व संपतें. म्हणजे टेंभी नाक्याच्या गल्लींत लहानाचा मोठा झालेला मनुष्य आईबापांच्या थडग्यावर फुलें वाहण्यास आला, तरी त्यास भारताचा व्हिसा घ्यावा लागे. जेथें नाळ पुरली तेथें तो पाहुणा, आणि जेथें पाय टाकला तेथें तो 'परतलेला'! जाणाऱ्याचा मार्गही पूर्वी सरळ नव्हता. पारपत्र देणें न देणें ही सरकारची मर्जी समजली जाई. एप्रिल १९६७ मध्यें सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचा निवाडा दिला, आणि त्याच वर्षीं पारपत्राचा नवा कायदा झाला. तेव्हां कोठें नकारास लेखी कारणांचें बंधन आलें.

बाहेर गेलेल्यांसाठीं भारतानें २००६ सालापासून 'ओसीआय' कार्ड देण्यास सुरुवात केली. हें पूर्ण नागरिकत्व नव्हे. मतदानाचा हक्क त्यांत नाहीं. परंतु जन्मभर येण्याजाण्याची मोकळीक त्यांत आहे. २६ जानेवारी १९५० रोजीं वा त्यानंतर भारताचा नागरिक असलेला मनुष्य, त्याचीं मुलें, नातवंडें, पणतवंडें त्यास पात्र ठरतात. येथेंही कुळच मोजलें जातें. पण तें रक्ताच्या धर्मावरून नव्हे, मातीच्या नात्यावरून. यांत इस्राएलच्या मंडळींस एक अडचण आली. परकीय सैन्यांत नोकरी केलेल्यास हें कार्ड मिळत नसे, आणि इस्राएलमध्यें तर लष्करी सेवा बहुतेक तरुणांस सक्तीची. ५ जुलै २०१७ रोजीं तेल अवीव येथील सभेंत भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीं सक्तीची लष्करी सेवा केलेल्यांनाही हें कार्ड देण्यांत येईल, असें जाहीर केलें. परतीच्या कायद्यास त्या दिवशीं बरोबर सदुसष्ट वर्षें झालीं होतीं.

ज्यास कुळाचा आधार नाहीं, त्याच्यासाठीं इस्राएलच्या वेशीवर इतर देशांसारखेच नियम आहेत. पाहुण्याचा व्हिसा ब-२ या वर्गाचा. तो फार तर तीन महिन्यांचा, आणि त्यावर नोकरी करतां येत नाहीं. परतीचें तिकीट, खर्चाची ऐपत आणि परत येण्याचा हेतु, या गोष्टी अर्जदारानें पटवून द्यावयाच्या असतात. कामाचा व्हिसा ब-१ या वर्गाचा. मे २०२३ मध्यें भारत व इस्राएल यांच्यांत ४२,००० भारतीय कामगारांविषयीं करार झाला; त्यांतील ३४,००० बांधकामासाठीं आणि उरलेले शुश्रूषेच्या कामासाठीं. त्यानंतर ज्या भरत्या झाल्या, त्यांत लांकडी सांचे बांधणारा, लोखंडी सळ्या वांकविणारा, गिलावा करणारा, लाद्या बसविणारा यांची हातोटी प्रत्यक्ष पाहिली गेली. असा कामगार सामान्यतः पांच वर्षें तीन महिने राहूं शकतो, त्यापुढें नाहीं. आणि एक अट तर फारच बोलकी आहे: ज्याचे आईबाप, जोडीदार वा मूल इस्राएलमध्यें काम करीत वा राहत असेल, त्यास त्या भरतींत घेत नाहींत. एका दाराशीं नातें हीच पात्रता. शेजारच्या दाराशीं नातें हाच दोष. ज्यास ठेवून घ्यावयाचें, त्याची मुळें शोधावयाचीं. ज्याच्याकडून नुसतें काम करून घ्यावयाचें, त्यास तेथें मूळ धरूं द्यावयाचें नाहीं. व्हिसाच्या नियमांची रुक्ष कलमें वाचतांना एवढें एक सूत्र हातीं धरलें, तर पुष्कळशीं कलमें आपोआप उलगडतात.

१९५१ च्या जनगणनेंत भारतांत सुमारें २६ हजार यहुदी होते. २००१ च्या जनगणनेंत ते ४,६५० उरले. डिमोना, अश्दोद, बीरशेबा, लोद, रामला या गांवीं मराठी बोलणारीं घरें वसलीं. 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिक तेथून निघूं लागलें. मलिद्याचें ताट तेथेंही मांडलें जाऊं लागलें. इकडे २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें यहुदी समाजास अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. जे गेले नाहींत त्यांत ठाण्याची वस्ती मोठी आहे. त्यांच्याही घरीं परतीच्या कायद्याची वाट उघडीच होती आणि आहे. त्यांनीं ती धरली नाहीं, इतकेंच. हक्क असूनही न जाणें हाही एक निर्णयच असतो, आणि इतिहासानें त्याचीही नोंद ठेवावी.

टेंभी नाक्यावरील मंदिरांत शब्बाथची प्रार्थना आजही होते. समुद्रापारहून ठाण्यास आलेला एखादा पाहुणा तेथें येऊन बसतो. त्याच्या खिशांत कोणत्या देशाचें पारपत्र आहे आणि त्यावर कोणता शिक्का आहे, हें तेथें कोणी विचारीत नाहीं. माणसें पुरीं जमलीं कीं नाहींत, एवढेंच मोजतात. सामुदायिक प्रार्थनेस दहा जण लागतात. येणारा त्यांत एकानें भर घालतो, आणि त्याची जागा त्यास मिळते.